निळ्या छताखालचं भूत

सीफस विगफॉलने आपल्या मावससासूला मारून बरीच वर्षं झाली होती, आणि मंगळवारी ती फिलाडेल्फियाहून रेल्वेने परत आली. बरोबर दोन बॅगा, टोप्यांचे तीन खोके, आणि तब्येत ठणठणीत.

मारलं होतं ते अर्थात तोंडाने. सीफसचं सगळं कामच तोंडाचं. चार्ल्स्टनच्या जुन्या बंदरभागात तो पर्यटकांची गाडी हाकायचा. पुढे बिशप नावाचं खेचर, मागे ओळीने बाक, बाकांवर उन्हाने टोमॅटो झालेले पाहुणे, आणि मध्ये सीफस, एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा श्रोत्यांवर. श्रीमंतांचे वाडे आले की तो पाद्र्याच्या आवाजात बोलायचा. समुद्रचाच्यांना जिथे फाशी दिली ती जागा आली की आवाज खरखरीत व्हायचा, जणू दोर त्याच्याच गळ्यात आहे. आणि भुतांसाठी त्याच्याकडे एक खास कुजबुज होती. ती कुजबुज दोन गल्ल्या पलीकडच्या न्हाव्यालाही स्पष्ट ऐकू यायची.

खरं म्हणजे या खुनाला जबाबदार बिशप होता.

सीफसची मावससासू ऑक्टेव्हिया गिल्यार्ड हिचं घर एका अरुंद गल्लीत होतं. घरही अरुंद, रस्त्याकडे खांदा करून उभं, आणि बाजूने लांबलचक ओसरी. ओसरीच्या छताला तिने स्वतःच्या हाताने फिकट निळा रंग दिला होता, तिच्या आईने द्यायचा तसाच. त्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल की भुतांना निळं छत म्हणजे पाणी वाटतं, आणि पाणी ओलांडायची भुतांची छाती होत नाही. ऑक्टेव्हियाच्या ओसरीचा निळा तर इतका नेमका होता की शेजारणी रंगाच्या दुकानात जाऊन "गिल्यार्डबाईंचा निळा द्या" म्हणायच्या.

दुपारी गाडी दारावरून गेली की ऑक्टेव्हिया कुंपणावरून हात काढून बिशपला उकडलेलं रताळं भरवायची. बिशपशी दोन शब्द बोलायची. हाकणाऱ्याशी नाही. ती फिलाडेल्फियाला लेकाकडे राहायला गेली, घराला कुलूप लागलं, पण ही बातमी बिशपला कोणीच दिली नाही. तो दर वेळी त्या फाटकाशी थांबायचा. ओढा, चुचकारा, हात जोडा. एक रताळं खाऊन व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभा राहायचा आणि मगच हलायचा.

आता बारा पाहुणे गाडीत बसवून एका बंद घरासमोर गप्प उभं राहणं सीफसला जमणारं नव्हतं. एका बाईने विचारलं, "हा का थांबला?" खेचर हट्टी आहे म्हणावं तर मालकाच्या कानावर जायचं. सीफसचा आवाज आपोआप खाली गेला.

"मॅडम," तो कुजबुजला, "खेचराला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही."

झालं. त्या दिवशी तिथे फक्त एक सावली होती. आठवड्याभरात सावलीला खिडकी मिळाली. महिन्याभरात लेसचा झगा मिळाला. उन्हाळा संपेपर्यंत एक खलाशी मिळाला, जो "येतो" म्हणून गेला आणि आलाच नाही. त्याची वाट बघत ती खिडकीतच झुरून गेली, आणि अजून तिथेच बसते. भुताला नाव हवं म्हणून सीफसने त्या क्षणी सुचलं ते दिलं. मिस ऑक्टेव्हिया. बाई हजार किलोमीटर लांब, शिवाय ती कधी पर्यटकांच्या गाडीत बसणार?

बुधवारी रात्री जेवताना कळलं, ती कधी बसणार ते.

ऑक्टेव्हिया आल्यापासून सीफसच्याच घरी उतरली होती. टेबलावर भेंडीचं सार होतं, लाल भात होता, तळलेली कोलंबी होती. मीठ सीफसच्या कोपराशी होतं.

"व्हर्डेल," ऑक्टेव्हिया आपल्या भाचीला म्हणाली, "त्याला सांग, मीठ इकडे सरकव."

"मावशी, तो इथेच बसलाय."

"दिसतंय मला. म्हणून तर सांग म्हटलं."

हे लग्नापासून असंच चालू होतं. आई नसलेल्या व्हर्डेलला ऑक्टेव्हियाने लहानाचं मोठं केलं होतं. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर उभं राहून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "जो माणूस खेचराशी इतकं गोड बोलतो, तो बायकोशी खरं बोलेल कसा?" आणि तेव्हापासून सीफसचं नाव तिच्या तोंडात आलेलं नव्हतं. तो म्हणजे 'तो'. फारच झालं तर 'व्हर्डेलचा तो'. नाताळच्या शुभेच्छापत्रावरही 'व्हर्डेल आणि घरातील मंडळी'. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

सीफसने मीठ सरकवलं. ऑक्टेव्हियाने ते व्हर्डेलकडून घेतलं.

"एक मनात आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर त्या गाड्या माझ्या दारावरून गेल्या. लोक माझ्या घराकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. एकदा तिकडून बघायचंय, कसं दिसतं ते."

सीफसच्या घशात कोलंबी आडवी झाली.

"अगं, मग उद्याच!" व्हर्डेल टाळ्या वाजवत म्हणाली. "सीफस नेईल ना!"

"उद्या ऊन फार," सीफस म्हणाला. "परवा पाऊस. शिवाय बिशपचा पाय..."

"बिशपच्या पायाला काय झालं?" ऑक्टेव्हियाने भाचीला विचारलं. तिच्या आवाजात प्रथमच काळजी होती.

भांडी घासताना व्हर्डेलने नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली वीस बायका होत्या. कोणाला कोपऱ्यात कसं गाठायचं हे तिला शिकवावं लागत नव्हतं.

"ऐक. ती आपणहून तुझ्या गाडीत बसते म्हणतेय. असं परत होणार नाही. गाडीतून उतरताना तिने तुला नावाने हाक मारली पाहिजे. बाकी मला आयुष्यात तुझ्याकडून काही नको."

"आणि नाही मारली तर?"

"तर बिशपच्या तबेल्यात गवत भरपूर आहे."

व्हर्डेल नवऱ्याच्या गाडीत कधी बसली नव्हती. "घरात ऐकते तेवढं पुरे," असं तिचं म्हणणं. त्यामुळे भुताबद्दल तिला काडीची कल्पना नव्हती.

सीफसला एकच आशा उरली होती, ती चेंडूची. कुठल्या गल्लीतून जायचं हे या शहरात गाडीवान ठरवत नाही. सगळ्यांनीच समुद्रकाठच्या वाड्यांकडे धाव घेतली तर रस्त्यात नुसती खेचरंच दिसतील, म्हणून पालिकेने तबेल्यांच्या तोंडाशी एक टपरी ठेवली आहे. टपरीत काचेचा गोळा, गोळ्यात रंगीत चेंडू हवेवर उडत असतात. गाडी आली की एक चेंडू बाहेर पडतो. ज्या रंगाचा चेंडू त्या भागात जायचं, आणि त्याच रंगाची पाटी गाडीला लावायची. मावशीची गल्ली हिरव्यात.

गुरुवारी दुपारी सीफस टपरीपाशी आला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. मागच्या बाकावर ऑक्टेव्हिया जांभळ्या टोपीत ताठ बसली होती, शेजारी व्हर्डेल. टपरीतली ग्लिनिस च्युइंगगम चघळत होती.

"देवा, लाल," सीफस पुटपुटला. "पिवळा चालेल. निळा, पांढरा, तुझ्या मनात येईल तो. फक्त..."

"हिरवा," ग्लिनिस म्हणाली.

"पुन्हा काढ ना."

"काय झालंय तुला? इतर दिवशी हिरवा निघाला की माझ्या टपरीपुढे नाचतोस."

"आज माझ्या गुडघ्याला हिरवा चालत नाही."

"खेचर चालणार आहे, सीफस. गुडघा नाही. पाटी घे आणि हल पुढे."

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक किंकाळी आली. "हिरवा! मार्सी, हिरवा! मी म्हटलं नव्हतं?" ही मिसेस केस्लर, ओहायोहून आलेली. बोलताना प्रत्येक शब्दाला ती नाकातून एक फेरी मारून आणायची. सीफसला ती आठवेना, पण तिला सीफस पाठ होता. "मागे आले होते तेव्हा मी इतकी रडले, इतकी रडले, की माझी लेन्स वाहून गेली! या वेळी बहिणीला मुद्दाम घेऊन आलेय. ती गोष्ट सांगणार ना? ती?"

"आमच्याकडे बऱ्याच गोष्टी आहेत, मॅडम," सीफस म्हणाला आणि त्याने लगाम असा झटकला की बिशपने वळून बघितलं.

पहिला वाडा आला. सीफसने पाद्र्याचा आवाज लावला. "मंडळी, या घराच्या मालकाने बायकोसाठी इटलीहून संगमरवर मागवला, आणि..."

"खोटं," मागच्या बाकावरून आवाज आला. मोठा नव्हता. पण चर्चमध्ये पन्नास वर्षं पुढच्या बाकावर बसलेल्या बाईचा होता.

"...असं म्हणतात," सीफसने जोडून दिलं.

लोखंडी नक्षीचं फाटक आलं. "हे फाटक एका फ्रेंच कारागिराने..."

"खोटं. माझ्या आजोबांच्या चुलत्याने. आणि तो गुलाम, त्याला तेव्हा विचारायचीही पद्धत नव्हती, बनवशील का म्हणून."

गाडीत क्षणभर नुसते बिशपचे खूर वाजत राहिले. मग एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून म्हणाले, "सुंदर काम आहे." ऑक्टेव्हियाने मान हलवली. सीफसने ते फाटक त्याच जागी दुरुस्त केलं आणि पुढे कधी बिघडवलं नाही.

पण चाचे आले, तेही खोटे निघाले. तोफ आली. "खोटं. ती तोफ मी लहान असताना नव्हती." खाडीकडून चिखलाचा वास आला, सीफसने त्याबद्दल काही न बोलण्याची खबरदारी घेतली. व्हर्डेल नवऱ्याच्या पाठीकडे असं बघत होती की त्याच्या सदऱ्याला भोक पडावं.

मग गल्ली आली.

सीफसने जिभेने चक्‌ चक्‌ केलं, लगाम सैल सोडला, मनातल्या मनात बिशपला सगळं आयुष्य लिहून दिलं. बिशप फाटकाशी आला आणि थांबला. नुसता थांबला नाही. त्याने कान उभे केले, नाकपुड्या फुलवल्या, आणि शक्य तेवढी मान मागे वळवून शेवटच्या बाकाकडे बघितलं.

"हे," सीफस म्हणाला, "एक घर आहे."

पाहुणे वाट बघत राहिले.

"लाकडी. उंची बऱ्यापैकी. पाऊस आला की पाणी उताराने खाली जातं."

"अहो, सांगा ना!" मिसेस केस्लर बाकावर उडाली. "मार्सी, हेच ते! मिस ऑक्टेव्हियाचं भूत!"

मागच्या बाकावरची जांभळी टोपी पुढे झुकली.

"कोणाचं?" ऑक्टेव्हियाने विचारलं.

"मिस ऑक्टेव्हियाचं! बिचारी! खलाशासाठी झुरून मेली!" मिसेस केस्लर मागे वळून आनंदाने म्हणाली. "तुम्ही ऐकली नाहीये? नशीबवान आहात, पहिल्यांदा ऐकणार!"

"ती दुसरी गल्ली, मॅडम," सीफस म्हणाला. "आणि ती दुसरीच बाई. तिला काही झालेलं नाही. ती फ्लोरिडाला राहते."

"नाही हो! ती खिडकी, तो लेसचा झगा..."

"तुम्ही थांबा," ऑक्टेव्हिया म्हणाली. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

सीफसने बिशपकडे बघितलं. याच फाटकाशी तो दर वेळी न चुकता मुतायचा. मग गाडीवानाने तिथे रंगीत खूण टाकायची, वायरलेसवर कळवायचं, की धुणारी गाडी येते, असा नियम होता, आणि त्या गडबडीत एखादा माणूस सहज गल्लीतून पळून जाऊ शकला असता. पण बिशपच्या मनात आज फक्त रताळं होतं.

तर सीफसने सुरुवात केली. आवाज सपाट, वाणसामानाची यादी वाचावी तसा. एक बाई होती. खिडकी होती. खलाशी होता. पण तिसऱ्या वाक्याला पुढच्या बाकावरच्या एका पोरीने श्वास आत ओढला, आणि तो आवाज कानावर पडला की सीफसचा काही इलाज चालत नसे. त्याची कुजबुज सुटली. हात हवेत गेला. जहाज दिसेनासं झालं, दिव्यातलं तेल संपलं, लेसचा झगा पिवळा पडला. "आणि वरचं छत बघा, मंडळी. निळं. भुतांना ओलांडता येत नाही ते. पण ही बाहेरून आलेली नव्हती हो... ही आतच गेली. म्हणून तिला बाहेर पडता येत नाही. अजून ती तिथेच आहे... आणि दर दुपारी... या बिचाऱ्या मुक्या जनावराला... ती दिसते!"

मिसेस केस्लर हमसून हमसून रडत होती. मार्सीने तिचा हात धरला होता. आणि तेवढ्यात सीफस भानावर आला.

मागचा बाक करकरला. ऑक्टेव्हिया उठली. मध्येच कोणी उतरायचं नाही असा नियम आहे, पण तो तिला सांगायचं धैर्य गाडीत कोणाकडे नव्हतं. ती खाली उतरली, पर्स उघडली, किल्ली काढली आणि फाटकाचं कुलूप उघडलं.

"बाई, जाऊ नका आत!" मार्सी ओरडली. "तिथे मिस ऑक्टेव्हिया आहे!"

"अजून नाही," ती म्हणाली. "आत्ताच येतेय ती. मी ऑक्टेव्हिया गिल्यार्ड."

मार्सीने जी किंकाळी फोडली तिच्यामुळे शेजारच्या घरातला कुत्रा पुढचे दोन दिवस पलंगाखालून निघाला नाही.

ऑक्टेव्हियाने पर्समधून चांदीच्या कागदात गुंडाळलेलं रताळं काढलं, सोललं आणि बिशपला भरवलं. मग ती सीफसच्या पायाशी येऊन उभी राहिली. तो उंच बसला होता, तरी तीच वरून बघत असल्यासारखी वाटली.

"खलाशी?" ती भाचीला म्हणाली. "व्हर्डेल, त्याला विचार. मी खलाशासाठी मेले?"

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं गं..." व्हर्डेलने रुमालाने तोंड झाकलं होतं. ती रडतेय की काय ते कळत नव्हतं. खांदे मात्र हलत होते.

"बंदर आहे हो, मावशी," सीफस घाम पुसत म्हणाला. "बंदरात खलाशीच शोभतो."

"कप्तान नव्हते बंदरात?"

"होते."

"मग? मेलेच आहे तर जरा बऱ्या माणसासाठी मेले असते. आणि त्याहून मोठी गोष्ट. या ओसरीला मी स्वतः रंग दिला. गल्लीतल्या बायका तो रंग मागून नेतात. त्या छताखाली भूत? उद्या त्या म्हणतील, गिल्यार्डबाईचा निळा कच्चा निघाला!"

"कच्चा कसा?" सीफस पोटतिडकीने म्हणाला. आता तो स्वतःचा जीव वाचवत नव्हता, गोष्ट वाचवत होता. "पक्का आहे म्हणून तर भूत अडकलंय! साधा निळा असता तर केव्हाच निघून गेलं असतं. जे बाहेर आहे ते आत येत नाही, जे आत आहे ते बाहेर जात नाही. असा निळा सगळ्या शहरात दुसरा नाही, मावशी."

ऑक्टेव्हियाने मान वर करून छताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठ हलवून तिने मनाशी काही जुळवून पाहिलं, जणू बायबलमधलं एखादं अवघड वचन तपासत होती.

"हे मात्र खरं," ती म्हणाली.

आणि त्याच क्षणी, रताळं संपवून, बिशपने फाटकाशी धार धरली. सीफसने खूण टाकली, वायरलेसवर कळवलं, आणि धुणारी गाडी मागे येऊन भोंगा वाजवू लागली तशी ऑक्टेव्हिया परत बाकावर चढली. मिसेस केस्लरने ऑक्टेव्हियाचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "तुम्ही गरम लागता!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तबेल्याशी उतरताना व्हर्डेलने श्वास रोखला. ऑक्टेव्हियाने टोपी सारखी केली, पुढे जाऊन खेचराच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाली, "येते हं, बिशप." आणि चालू लागली.

व्हर्डेलने नवऱ्याकडे बघितलं. मग तबेल्याकडे. मग गवताकडे.

सीफस गवतावर झोपला नाही, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपला. पण तो सोफा गवताहून वाईट होता. शुक्रवारी ऑक्टेव्हिया बॅगा आणि टोप्या घेऊन आपल्या घरी राहायला गेली. जाताना म्हणाली, "व्हर्डेल, त्याला सांग, खोका नीट धर." आणखी काही नाही.

त्या दुपारीही चेंडू हिरवाच निघाला. बिशप फाटकाशी थांबला. सीफस खिन्न होता, तरी ती कुजबुज त्याला सोडत नव्हती. खलाशाचा त्याने कप्तान केला होता. "...आणि अजूनही, मंडळी, त्या वरच्या खिडकीत..." असं म्हणत त्याने बोट दाखवलं, आणि सवयीने स्वतःही वर बघितलं.

खिडकीत लेसचा पडदा डोक्यावरून घेतलेली एक बाई बसली होती. तिने सावकाश मान फिरवली आणि समुद्राच्या दिशेने एक लांब सुस्कारा टाकला. सुस्कारा थेट रस्त्यापर्यंत ऐकू आला.

पाहुण्यांनी एकच आरडाओरडा केला. सगळ्यात मोठा ओरडला सीफस. लगाम हातातून सुटला, टोपी उडाली. बिशप तेवढा शांत होता. कुंपणाच्या खांबावर आधीच रताळं ठेवलेलं होतं.

शनिवारी हिरवा. पडदा, सुस्कारा, आणि भर म्हणून हातात मेणबत्ती. रविवारी चर्च सुटल्यावर पुन्हा हिरवा, आणि या वेळी टोपीही. सीफसला वाटलं भुताला जांभळी टोपी बरी दिसत नाही, पण सांगणार कोण? गावभर झालं. लोक टपरीपाशी येऊन विचारू लागले, हिरवी गाडी कधी सुटणार.

सोमवारी चेंडू पिवळा निघाला. सीफस गाडी घेऊन तिकडे बाजाराकडे गेला, वेताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका दाखवल्या, जुनं कस्टम हाउस दाखवलं, संध्याकाळी तबेल्यात येऊन बिशपचा साज उतरवत होता तेव्हा भिंतीवरचा फोन खणाणला. व्हर्डेल त्याला न्यायला आली होती. तिनेच उचलला, ऐकलं, आणि फोन त्याच्या कानाला लावला.

"सीफस!" पलीकडून आवाज आला. "सीफस विगफॉल, कुठे होतास तू? जेवण झाल्यापासून खिडकीत मेलेली बसलेय! चहा नाही, पाणी नाही! मेणबत्ती विझली, पडद्यात माशी शिरली, मेलेल्या माणसाला हलता येतं का? रताळं गार झालं!"

सीफसने भिंतीला पाठ टेकली. बिशपने कान उभे केले.

"मावशी," तो म्हणाला, "चेंडू पिवळा निघाला हो. माझ्या हातात..."

"ते मला सांगू नकोस. बहिरा झालास का, सीफस? मी काय विचारतेय? कुठे होतास?"

व्हर्डेल आता तोंडावर रुमाल न धरता हसत होती.

"जरा ऐकू आलं नाही, मावशी," सीफस फोन बायकोच्या कानाकडे धरत म्हणाला. "काय म्हणालात? कोण?"

आणि ऑक्टेव्हियाने ते पुन्हा म्हटलं, संपूर्ण नाव, आडनावासकट, आणि पुढे तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्यांसकट.